सगळ्यांना दिसणारी नोंद

गणिताचं एक मोफत सॉफ्टवेअर आम्ही देशोदेशीचे स्वयंसेवक मिळून चालवतो. त्याच्या ऑनलाइन परिषदेचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. नियोजनाची फाइल सगळ्यांना खुली असावी, हा आग्रहही माझाच.

महाप्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी भाषणांचे अर्ज चाळत होते. सॉफ्टवेअरचे मेनू मराठीत आणणाऱ्या, करावे गावातल्या शिक्षिकेचा अर्ज आला होता. आठवीची मुलं त्यावर आलेख कसे काढतात, हे तिला दाखवायचं होतं. नियोजनाच्या फाइलीत तिच्या नावापुढे मी लिहिलं, ‘इंग्रजी कच्चं. शेवटी टाका, तेव्हा कोणी नसतं.’ आणि डबा धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

“ताई, तुमची नोंद वाचली. कोणी नसणारच असेल तर मराठीतच बोलू का?”

“आत्ता पुसते मी ते. तुला सकाळची वेळ देते.”

“पुसून काय होणार? फाइलीत जुनं सगळं राहतं, तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आणि वेळ शेवटचीच असू दे. तोवर मुलांची शाळा सुटते.”

परिषदेत ती मराठीतच बोलली. मुलं मध्येच प्रश्न विचारत होती. परदेशातले दोघे-तिघेही भाषा कळत नसताना आलेख बघत शेवटपर्यंत थांबले. आभार मानायचं काम माझं होतं. मानले, पण कॅमेरा सुरू करायचा धीर झाला नाही.

नोंद पुसली नाही. तिच्याखाली फक्त माझं नाव घातलं.