वहिनीनं डॉक्टरला काय सांगितलं

माझी वहिनी माझ्याबद्दल डॉक्टरांशी धडधडीत खोटं बोलली होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून घरात सगळे तिचं गुणगान करताहेत, म्हणून मी हे लिहून टाकते.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा ती दादाशी लग्न होऊन आमच्या गावी, कळसला आली. मी तिला अगं-तुगं करायचे, ती मला शेवटपर्यंत 'वन्सं' आणि 'तुमी'. माझं लग्न झालं नाही. त्यामुळे एका घरात आम्ही एकतीस वर्षं काढली. एकतीसच्या एकतीस वर्षं मी तिच्यावर संशय घेतला.

तिच्यावरच असं नाही. सगळ्यांवरच घेते.

लोकांच्या तोंडात एक असतं आणि मनात दुसरं. ते दुसरं बाकीच्यांना कसं कळतं, हे मला कधीच समजलं नाही. मग आपला संशय घेतलेला बरा.

दोन वर्षांपूर्वी बारामतीच्या माती तपासायच्या लॅबमध्ये माझं टेबल खिडकीपासून हलवलं. मी नऊ दिवस कामावर गेले नाही. लॅबच्या मॅडमनी एका मानसोपचार डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. मला वाटलं, काढून टाकायचंय, त्याचे कागद तयार करतायत.

तरी गेले.

डॉक्टर म्हणाल्या, लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी घेऊन या. आई-वडील नाहीत. दादा डॉक्टर म्हटलं की मुका होतो. उरली वहिनी.

तिला आत घेतलं, मला बाहेर बसवलं. दार बंद. आत माझ्या नावानं काय काय निघत असेल ते मला माहीतच होतं. 'डोक्यानं कमी आहे' सांगून ही मोकळी होणार.

पुढच्या वेळी डॉक्टर फाईल बघत म्हणाल्या, "तुमच्या वहिनी सांगतात, तुम्ही माणसांत मिसळता, लग्नकार्यात पुढं असता, स्वभाव गोड आहे. तुम्ही सांगताय त्यातलं काहीच जुळत नाही."

मी लग्नात बँडचा आवाज सोसत नाही म्हणून गोठ्यात जाऊन बसणारी. मला बघायला आलेल्या मुलाला 'तुमच्या घामाचा वास येतो' म्हणून सांगणारी. म्हणे स्वभाव गोड.

घरी येऊन जाब विचारला. वहिनी भाकरी थापत होती.

"परक्या माणसाम्होरं घरच्या पोरीचं उणं सांगत्यात व्हय? बघायला आल्यावर सांगतो का आपण?"

तिला तो बघण्याचा कार्यक्रमच वाटला होता. बाई प्रश्न विचारतायत म्हणजे पसंत-नापसंत ठरणार. म्हणून तिनं मला पसंत करून आणलं.

मला अजिबात पटलं नाही. कारण त्याच महिन्यात तिच्या लेकीला, माझ्या भाचीला, पळसदेवचं स्थळ आलं होतं. घरात असली आत्या आहे हे बाहेर गेलं तर झालंच कल्याण. मी तोंडावर म्हटलं, लेकीचं जमावं म्हणून माझं झाकतेस.

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

चार दिवसांनी ती मला न सांगता एसटीनं बारामतीला गेली आणि डॉक्टरांना सगळं खरं सांगून आली. हे मला डॉक्टरांकडून कळलं. मग लपून का गेली, हाही संशय आलाच.

रिपोर्ट आला. ऑटिझम स्पेक्ट्रम. म्हणजे मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी.

तीनदा वाचला. त्यात आमच्या गावाचं नाव चुकलं होतं. गाव चुकतं तर बाकीचं कशावरून बरोबर? पण पुढं वाचताना वाटलं, कुणीतरी जन्मभर माझ्यावर पाळत ठेवून हे लिहिलंय. आधी राग आला. मग खूप हलकं वाटलं. म्हणजे मी आडमुठी नव्हते तर.

पळसदेवची माणसं रविवारी आली. अशा दिवशी मी स्कूटी काढून कुठंतरी निघून जाते. कुणी सांगायची वाट बघत नाही. त्या दिवशी वहिनी म्हणाली, "बसा हितंच."

मुलाच्या वडिलांनी विचारलंच, ह्यांचं लग्न नाही का झालं? दादा छताकडं बघायला लागला.

वहिनी म्हणाली, "माझी नणंद हाय. ह्यांस्नी ऑटिझम हाय, डॉक्टरनं सांगितलंय. खरं त्येच बोलत्यात. तुमाला चालत आसंल तर च्या घ्या."

मुलानं घेतला. वडिलांनी कपाला हात लावला नाही.

पुढं वहिनीनं सांगितलं, पत्रिका जुळली नाही. मी म्हटलं, हे खोटं आहे. माझ्यामुळं मोडलं असेल तर मला दोष दे, मनात ठेवू नकोस.

"न्हाय वो वन्सं, गुणच कमी पडलं."

महिनाभर मी लक्ष ठेवून होते, ती भांडी आपटते का. आपटली नाहीत. त्यामुळे माझा संशय आणखीच वाढला.

मग काही महिन्यांनी ती गेली. हार्ट अटॅक, इंदापूरला नेता नेता. मी रडले नाही. अंगणातल्या खुर्च्या सरळ लावत बसले. भेटायला आलेल्या बायका माझ्याकडं बघून कुजबुजत होत्या. लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायचं राहिलं बिचारीचं, असंही म्हणत होत्या.

आज पाहुणे गेल्यावर भाचीला सरळ विचारलं. पत्रिकेचं खरं होतं का?

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"आत्या, पत्रिका कुणी मागितलीच न्हवती. त्यांचा फोन आला होता. पोरगी पसंत हाय म्हणले. फक्त आत्याला मांडवात आणू नका."

"मग?"

"आई म्हणली, मग मांडवच नगं."

म्हणजे माझा संशय बरोबर होता. मोडलं ते माझ्यामुळंच.

ती मनात मला दोष देत असणार, एवढं मात्र मी चुकीचं धरलं होतं. आणि ते एकतीस वर्षं धरून बसले होते.

आज मी रडले. वर्षभर उशिरा. भाची घाबरली, तिनं पाणी आणून दिलं.

वहिनी, तू दोनदा खोटं बोललीस. एकदा डॉक्टरांशी, एकदा माझ्याशी. दोन्ही वेळा माझ्यासाठीच. मला माफ कर.

तुझ्या लेकीचं लग्न ठरेल. कानात कापसाचे बोळे घालून का होईना, मी मांडवात पहिल्या रांगेत बसणार आहे. तुझ्या वाटच्या अक्षता मी टाकेन.

तुझ्या वन्संचा तुला नमस्कार.