कोरडा पुठ्ठा

आता जे सांगतोय ते आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. घरात नाही, गॅरेजात तर नाहीच. तुम्हाला ट्रकच्या इंजिनातलं काही कळत नसलं तरी चालेल — मला कळत होतं, अडचण तीच आहे.

भिलाईत विश्वकर्मा पूजेच्या दिवशी आम्ही हत्यारांना हात लावत नाही. आदल्या दिवशी पाने-पक्कड पुसून मांडायचे आणि एकही इंजिन उघडं ठेवायचं नाही, ही आमच्या गॅरेजची रीत. त्या वर्षी देवरावच्या ट्रकचं इंजिन उघडं होतं. देवराव भंडाऱ्याकडचा, जामुलहून सिमेंट वाहणारा ड्रायव्हर. दारात मांडव उभा राहत होता आणि मी लायनर बसवत होतो. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ते नळकांडं. त्याच्या बाहेरून पाणी खेळतं. ते खाली ऑइलमध्ये उतरू नये म्हणून रबरी रिंगा असतात. शेवटचं लायनर अडकलं. रिंग वळली असावी — असावी कसली, हाताला कळलंच होतं! काढून पुन्हा बसवायला हवं होतं. मी दाबून बसवलं.

काही दिवसांनी देवराव परत आला. काखेत एक पुठ्ठा. गाडी थांबेल तिथे तो इंजिनाखाली अंथरायचा, गळती दिसावी म्हणून. "रोज पाणी भरून राहिलो भाऊ, रोज कमी होते. पण पुठ्ठा पाहा, कोरडा हाये."

यावर आणखी काय शोधायचं? बाहेर गळत नाही म्हणजे आत गळतंय. तो चहा आणायला गेला तेव्हा मी ऑइलचा खालचा बोल्ट सैल केला. आधी पाणी आलं, मग ऑइल.

नेमका तेव्हाच ट्रकचा मालक येऊन उभा राहिला. काय झालं, म्हणाला. माझ्या हातचं इंजिन परत येत नाही, असं चौकात छाती फुगवून सांगणारा मी. खरं सांगायला किती शब्द लागले असते? पण तोंडातून निघालं — ड्रायव्हरनं पाण्याविना गाडी तापवली, रिंगा जळल्या.

देवराव चहा घेऊन आला, माझ्यासाठीही एक. त्यानं पुठ्ठा दाखवला, पोरांची शपथ घेतली. मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून बोल्ट आवळत बसलो. मालकानं त्याच्याकडून चावी काढून घेतली. गाडी तापवणारा म्हणून त्याचं नाव असं झालं, की नंतर कुणीच त्याच्या हाती स्टिअरिंग दिलं नाही.

याला भ्याडपणा म्हणायचं की मस्ती? मला वाटतं, दोन्ही. पण नुसतं तेवढंच असतं तर मी आज तोंड उघडलं नसतं.

देवराव आता जामुलला एका गोदामावर चौकीदार आहे. परवा तिकडून जाताना त्यानं हाक मारून मला खुर्ची दिली. स्वतः उभा राहिला. जुन्या गोष्टी निघाल्या. म्हणाला, "आता मलेच वाटते भाऊ, एखाद दिवस पाणी पाहाचं राहून गेलं असंन माह्याकडून. नाहीतर तुमी कावून खोटं बोलसान?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे देवराव. होते असं."

त्याची चूक मी मोठ्या मनानं माफ करून आलो.