पाटावर पळणारा शिंपी

हिरामण शिंप्याची आणि माझी ओळख झाली ती मी फावडं घेऊन त्याच्यामागे धावलो तेव्हा.

आमचं गाव साक्रीच्या खाली, पांझरेच्या काठी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटावर भिजणारी शेतं. शेतांच्या त्या एकेका पट्ट्याला आम्ही फड म्हणतो. फडात शेतकऱ्याने आपलं पाणी आपण घ्यायचं नाही. पाटाला जागोजाग बारी असतात, म्हणजे पाणी शेतात सोडायची तोंडं. ती उघडायची आणि बंद करायची एकट्या पाटकऱ्याने. तो पाटकरी मी. माझा बाप पाटकरी, त्याचा बापही पाटकरी. दुसरीत शाळा सोडली, पण पाण्याच्या बाबतीत मला शिकवणारा आमच्या गावात कोणी नव्हता.

पंच्याऐंशीच्या आगेमागे एका पहाटे, जेमतेम फटफटलं होतं, पाटाच्या बांधावरून एक माणूस डोक्याला मफलर गुंडाळून पळताना दिसला. फडाच्या गावात पहाटे पाटावर कोण पळतो? दुसऱ्याचं बारं फोडून आलेला पळतो. मी ओरडलो, थांब म्हणालो. त्याने मागे पाहिलं, हसला आणि जास्तच जोरात सुटला. मी त्याच्यामागे चार बारी पळालो. पाचव्याला माझा दम गेला. मी गुडघ्यावर हात टेकून उभा, तर हा गडी उलटा वळून माझ्यापाशी आला आणि जागच्या जागी उड्या मारत म्हणाला,

"नाना, दम तं चांगला शे तुमना. पन पयतांना हातमा फावडं कसाले?"

त्याला वाटलं होतं, मी त्याच्या सोबतीला पळतोय.

कुणाचं पाणी फोडलंस, मी विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. तो पिंपळनेरहून महिन्यापूर्वी बायकोच्या गावी, म्हणजे आमच्याकडे, दुकान घालायला आलेला. दिवसभर मशीनवर बसून पाय सुजले, रक्तात साखर निघाली. धुळ्याच्या डॉक्टरने रोज तासभर चाला म्हणून सांगितलं. तासभर चाललं तर दुकान उशिरा उघडतं, म्हणून हा अर्धा तास पळायला लागला. हिशेब त्याच्या डोक्याने बरोबर होता. तरी मी त्याला घेऊन सगळी बारी तपासली. सगळी जशीच्या तशी बंद. त्याचा मला फार राग आला. चोर नाही तर नाही, निदान एखादं बारं तरी उघडं सापडायला हवं होतं.

पळायला त्याने स्वतःची चड्डी शिवली होती, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांची. तो पारावरून गेला की लोक आपापलं कापड ओळखायचे. एकदा आमचे सरपंच त्याच्या मागच्या बाजूकडे बोट दाखवून म्हणाले की हा माझ्या लग्नातल्या सदऱ्याचा तुकडा. हिरामण थांबला, मान वळवून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "सदरा फाटना व्हई आबा, तुकडा आजून नवा शे." सरपंच पुढे महिनाभर त्याच्या दुकानात गेले नाहीत.

पाटावर पळू नको म्हणून मी त्याला पुष्कळदा दटावलं. तो ऐकायचा नाही आणि भांडायचाही नाही. उलट येता येता मला पाटाच्या बातम्या सांगायचा. अमुक ठिकाणी खेकड्याने बीळ केलंय, तमुक बाऱ्याशी माती बसलीय. पण ठिकाणं सांगायची त्याची तऱ्हा न्यारी. त्याने अख्ख्या पाटाचा सदरा करून टाकला होता. बंधारा म्हणजे कॉलर. टेकडीला वळसा घालून पाट वळतो तो खांदा. तिथून खाली नदीला लागून करंजांची दाट सावली, ती काख. पार शेवटी पाट उसाच्या फडात संपतो तो घेर. आणि बारी म्हणजे काजं. "नाना, आकराव्या काजले पानी झिरपी ऱ्हायनं," असं तो सांगायचा आणि मी बरोबर तिथे जायचो. मला हसू यायचं, पण दाखवायचो नाही.

एकदा त्याने मला विचारलं की काखेतल्या करंजांना फुलं आली, पाहिली का. मी नाही म्हणालो. त्याला खरं वाटेना. रोज दोनदा तिथून जाणारा माणूस, आणि बांधावर फुलांचा सडा पडलेला त्याला दिसत नाही? पण खरंच दिसला नव्हता. पाटकऱ्याची नजर पाण्यावर. पाणी किती, कुठे, कुणाचं. चाळीस वर्षं मी त्या पाटावर खाली मान घालून चाललो. त्या दिवशी त्याच्या समोर वर पाहायचं नाही म्हणून तसाच निघून आलो, आणि संध्याकाळी एकटा जाऊन पाहिलं.

नव्वदच्या पुढे एका पावसाळ्यात मी बंधाऱ्यावर अडकलेला ओंडका काढताना घसरलो आणि मांडीचं हाड मोडलं. धुळ्याला दवाखान्यात राहिलो, मग घरी खाटेवर. प्लास्टर निघालं तेव्हा पाय लाकडासारखा झाला होता. तोवर माझा चुलतभाऊ पाट सांभाळत होता, आणि गावात कुजबुज सुरू झाली की नानाचं आता संपलं, आखाजीला दुसरा पाटकरी नेमावा लागेल. आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी फडाची सभा बसते आणि वर्षाचा पाटकरी तिथे ठरतो. तीन पिढ्यांचं काम माझ्या एका मांडीवरून जाणार होतं. मी अन्न सोडलं नाही, पण बोलणं सोडलं. भेटायला येणाऱ्यांकडे पाठ करायचो.

हिरामण आला तो पळून झाल्यावर, घामाघूम. कसं आहे वगैरे काही नाही. भिंतीला टेकवलेली काठी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "नाना, आज एक काज. बस."

मी त्याला चार शिव्या दिल्या. तो दारात उभाच. बायको म्हणाली, जा तरी, नाहीतर हा दुकान उघडायचा नाही आणि पोरीचं परकर-पोलकं राहील. मी गेलो. बंधाऱ्यापासून पहिल्या बाऱ्यापर्यंत मला इतका वेळ लागला की ऊन तापलं. दुसऱ्या दिवशी दोन. कधी एक पुढे, कधी दुखलं तर मागचंच पुन्हा. मी काठी टेकत, आणि हा माझ्यापुढे पळत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. एकाच सकाळी त्याचं दहा वेळा येणं-जाणं व्हायचं. मी चिडून म्हणायचो, एका जागी उभा राहा, डोकं फिरतं माझं. तो म्हणायचा, उभा राहिलो की साखर वाढते. खांद्यापाशी बसून आम्ही खालची नदी पाहायचो. तिथे खंड्या बसतो, पलीकडे धोबी दगडावर कपडे आपटतात, आवाज मागाहून येतो. असलं सगळं तो मला दाखवायचा, जणू पाट त्याच्या बापाचा आणि मी पाहुणा. खरं सांगतो, त्या तीन महिन्यांत मी तो पाट पहिल्यांदा पाहिला.

आखाजीच्या आठ दिवस आधी मी घेरापर्यंत पोचलो. हिरामण माझ्यापेक्षा जास्त खूश झाला. मी ठरवलं, सभेत छाती काढून सांगायचं.

सभा मारुतीच्या ओट्यावर बसली. मी उठून सांगितलं की मी पाट सगळा चालतो, ज्याला खोटं वाटतं त्याने हिरामणला विचारावं. हिरामण मागे भिंतीशी बसला होता. त्याचं फडात शेत नव्हतं, म्हणून त्याला सभेत बोलता येत नसे. पंचांनी त्याला बोलायला सांगितलं. तो उठला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाना बठ्ठा पाट चालतस, हाई खरं शे," तो म्हणाला. "पन पानीनासंगे चालत नहीत."

पाणी सोडलं की पाण्याच्या तोंडाबरोबर पाटकऱ्याने शेवटच्या बाऱ्यापर्यंत जायचं असतं. पाणी पुढे आणि पाटकरी मागे राहिला, तर खालच्यांची शेतं वाहून जातात. हे मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. तीन महिने मी ते मनात येऊ दिलं नव्हतं. त्या क्षणी हातात फावडं असतं तर मी पुन्हा त्याच्यामागे धावलो असतो, मोडक्या पायाने.

तो खाली बसला नाही. पुढे म्हणाला, "खांदालगून नाना. खांदापासून खाले मी. सकायले मी तठे पयतच ऱ्हास." आणि वर, "उघडानं का बंद करानं, ते नानाच सांगतीन. मी फक्त पाय."

पंच एकमेकांकडे पाहायला लागले. कुणीतरी हसून म्हणालं, शिंप्याच्या हाती पाट? मी त्याच्याशी महिनाभर बोलणार नव्हतो. पण तोंडातून निघालं, "तुमच्यातल्या कुणाला माहीत आहे का कुठलं बारं झिरपतं? त्याला माहीत आहे." सभेने माझं नाव कायम केलं.

सात वर्षं आम्ही तसा पाट चालवला. पाणी खांद्याशी आलं की मी थांबायचो आणि तो पाण्याच्या तोंडाबरोबर सुटायचा, बगलेत फावडं मारून. त्या सात वर्षांत खालचं एक शेत वाहिलं नाही की एकाची तक्रार आली नाही. पाटकऱ्याची मजुरी म्हणून फडाच्या पेंढ्या मला मिळायच्या, त्यातल्या अर्ध्या मी त्याच्या दारात टाकायचो, आणि तो मला दर दिवाळीला सदरा शिवून द्यायचा, माप न घेता. तो जराही आखूड-लांब कधी झाला नाही. आभार-बिभार आमच्यात कुणी मानले नाहीत. मला ते जमत नाही आणि त्याने वाट पाहिली नाही.

एका हिवाळ्यात त्याला ताप आला आणि आठ दिवसांत तो गेला. उरलेल्या हंगामात माझ्या चुलतभावाने खालचा पाट पाहिला.

पुढची आखाजी आली. पंच म्हणाले, नाना, काळजी नको, खालच्या भागाला सायकलवाला माणूस देतो, नाव तुमचंच राहील. ज्या नावासाठी मी तीन महिने पाय ओढला होता, ते समोर ठेवलेलं होतं. मी उठलो, फावडं ओट्यावर ठेवलं आणि म्हणालो, "हे काम दोघांचं होतं. नाव माझं होतं, पाट त्याचा होता. आता दुसरा नेमा." पंचांनी समजावलं, मुलाने समजावलं. मी हट्टी आहे, गावाला माहीत आहे.

आता मी पाटकरी नाही. तरी सकाळी काठी घेऊन निघतो, बंधाऱ्यापासून पार उसाच्या फडापर्यंत. दुपार होते. पाणी केव्हाच पुढे निघून गेलेलं असतं. मी त्याला जाऊ देतो आणि करंजांखाली बसतो.