पूजेत मांडलेल्या दोन डिस्क

ती घटना आठवली की आजही मला माझाच राग येतो. पोलिसाच्या नोकरीत चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले, त्यातल्या अर्ध्यांची नावं आता सांगता येणार नाहीत. पण भोर तालुक्यात हायवेलगतच्या एका लहान कारखान्याचं ते प्रकरण डोक्यातून जात नाही.

तिथला एक कामगार प्रेस मशीनमध्ये सापडून मेला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, कारण लिहिलं त्याचाच निष्काळजीपणा. तिसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"सायेब, मशीनची जाळी निखळलीया, असं त्यांनी दोनदा तोंडी सांगितलं व्हतं. कुणी ऐकंना. मग हापिसातल्या कॉम्प्युटरवाल्या भाऊंकडनं मॅनेजरला ईमेल करून घेतला. तेवढा काढा. माणूस तर गेला. पर त्यांची चूक न्हवती, एवढं तरी लिवून ठेवा."

मॅनेजर म्हणाला, असा मेल मला आलेलाच नाही. मी कारखान्याला लेखी पत्र दिलं, सगळे मेल सादर करा. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्याच दिवशी भरदुपारी, सगळे पूजा करून घरी गेल्यावर, ऑफिसचे मेल जिथं साठायचे तो सर्व्हर खोलीसकट जळाला.

आता पोलिसाच्या मनात काय येणार? आणि त्यात ठाण्यात फोन आला. नाव सांगायला तयार नाही, मागून कापूरहोळच्या एखाद्या ढाब्यावर असावा तसा भांड्यांचा आवाज. "सर्व्हर जळला न्हाई, जाळलाय. मेलची नक्कल ठिवलेली दुसरी डिस्क कॉम्प्युटर ऑपरेटरच्या घरी असती भाटघरला. ती त्याच दिवशी हापिसात कशी आली, ते इचारा की त्याला."

ऑपरेटरला उचलला. तिशीचा, सडपातळ, हात जोडून उभा. कामाचं विचारलं तेव्हा मात्र नीट बोलला. पूर्वी मेलची नक्कल काढायला अख्खा दिवस जायचा, तोवर कुणाचा मेल उघडायचा नाही, सगळे त्याच्या नावानं बोटं मोडायचे. मग त्यानं डोकं लावलं. रोज फक्त नवीन आलेले मेल घ्यायचे आणि रविवारी एकदा सगळे. डिस्क दोन. एक ऑफिसात, एक स्वतःच्या घरी, दर रविवारी अदलाबदल. "हितं आग लागली तरी घरची ऱ्हाती, सायेब," तो म्हणाला.

"मग घरची का आणलीस?"

दोन दिवस हेच विचारलं. दरडावलं, टेबलावर हात आपटले, मालकानंच जाळायला लावलं ना, त्याचं नाव घे म्हणालो. तो जमिनीकडे बघत राहिला. माझा स्वभाव तेव्हा तापट होता. गप्प बसणारा माणूस लपवतोच, असा माझा ठाम समज. पुरावा नष्ट केल्याच्या गुन्ह्यात त्याला अटक दाखवली आणि स्टेशन डायरीत नोंद करून मोकळा झालो.

मुद्देमालाची पाकिटं पुन्हा तपासताना आमचे हवालदार थबकले. भोरकडचेच, वयानं माझ्याहून मोठे. जळक्या डिस्कची खालची बाजू त्यांनी माझ्यापुढे धरली. "सायेब, ह्याला हळद लागलीया. आन् हे बघा, झेंडूचा दोरा चिकटलाय. जाळायचीच व्हती तर पूजा कशाला केली असती वं?"

मी ती डिस्क घेऊन कोठडीशी गेलो. ती पाहिली आणि तो बोलायला लागला.

"म्याच आनली, सायेब. खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजतात. लोकं पाने, छन्न्या मांडत व्हती. माजं हत्यार म्हंजे ह्या दोन डिस्का. एक घरी ठिवून एकीचीच पूजा कशी करायची? दोनी सर्व्हरपाशी मांडल्या, निरंजन लावलं. पूजेत मांडलेलं दुसऱ्या दिसापतुर हलवत न्हाईत. म्हनून तिथंच ठिवून गेलो. पंखा चालू ऱ्हायला असंल, पडदा उडाला असंल..." त्यानं कोठडीचा गज धरला. "त्यो माजा दोस्त व्हता. मेल म्याच टाईप केला. वहिनीला कुठल्या तोंडानं सांगू, की तुज्या नवऱ्याचा शब्द म्या जाळला म्हनून?"

त्यानं सबंध मेल तोंडपाठ म्हणून दाखवला. मी जबाब घेतला. तपासात आग अपघातीच ठरली आणि तो सुटला. मॅनेजरवर हलगर्जीचा खटला उभा राहिला, त्यात हाच आमचा एकमेव साक्षीदार.

कोर्टात बचावाच्या वकिलानं त्याला फार विचारलंच नाही. माझी स्टेशन डायरी मागवली. म्हणाला, ज्याला पोलिसांनीच पुरावा जाळणारा म्हणून आत टाकलं, त्याच्या पाठांतरावर विश्वास ठेवायचा? मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा होतो. अक्षर माझं, सही माझी. काय बोलणार, कप्पाळ!

मॅनेजर निर्दोष सुटला.

लोक म्हणतात, पोलिसानं संशय घ्यायलाच हवा. घ्यावा की. पण माणूस गप्प असतो तो दर वेळी भीतीनं नसतो, कधी लाजेनं असतो, कधी दुःखानं. दोन दिवस मी ओरडण्याऐवजी शेजारी बसून त्याला चहा दिला असता, तर अटकेची ती ओळ लिहिलीच गेली नसती. मेल आगीत गेला, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण तो मेल ज्याच्या तोंडात शिल्लक होता, त्या माणसाची किंमत मी घालवली.

निकाल सांगायला मी स्वतः त्या कामगाराच्या बायकोच्या गावी गेलो. ती दारात शेंगा फोडत होती. कोर्टाचा कागद मी वाचून दाखवला. बरंचसं तिला कळलं नाही. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे सायेब, कागदावर त्यांचीच चूक ऱ्हायली व्हय?"

मी हो म्हणालो. ती पुन्हा शेंगा फोडायला लागली.