मोटर न उघडता मिळालेलं सर्टिफिकेट

अकोल्याच्या देवमन तायड्यांची रश्मी बारावीनंतर सरकारी योजनेतल्या मोटर वाइंडिंगच्या तीन महिन्यांच्या कोर्सला बसली. प्रशिक्षण केंद्र म्हणजे मंगल कार्यालयाच्या माडीवरचा हॉल. मोटर एकच, तीही काचेच्या कपाटात कुलूपबंद. सर यायचे, हजेरीसाठी पोरापोरींचे अंगठे मशीनवर घ्यायचे, फळ्यावर आकृती काढायचे आणि 'उतरवून घ्या' म्हणत मोबाइलमध्ये डोकं खुपसायचे. तपासणीच्या दिवशी तेवढं कपाट उघडलं. रश्मीच्या हाती टेस्टर दिला, फोटो काढला, पुन्हा कुलूप.

शेवटी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट आलं. रोजगार मेळाव्यात नोकरीही मिळाली, परगावच्या कंपनीत खोक्यांना चिकटपट्टी लावायची!

"सर, यासाठी मोटरीचा कोर्स काहून केला मी?"

"नोकरी आहे ना? मग?"

रश्मी त्या नोकरीवर गेलीच नाही. वरूडला इंदूबाई मावशीकडे आली आणि नत्थुजींच्या वाइंडिंगच्या दुकानात सर्टिफिकेट पुढं केलं. नत्थुजींनी जळकी मोटर दाखवली.

"याले तार कोनत्या नंबरची लागन?"

रश्मीनं सर्टिफिकेट उलटून मागची बाजू पाहिली.

"मंग तीन मयने तू काय करून राहिली होती?"

"फोटो काढून राहिली होती," ती चिडून म्हणाली.

नत्थुजी पोट धरून हसले. मग पाना तिच्या हातात देऊन म्हणाले, "खोल. मी पाहून राहिलो."

तांब्याच्या तारेनं बोटं चिरली. तिनं तार भरलेल्या पहिल्या दोन मोटरी जळाल्या, तेव्हा तिनं नत्थुजींच्या शिव्या खाल्ल्या. वर्षभरानं शेंदूरजनाघाटच्या संत्रा पॅकिंग कारखान्यात ऐन हंगामात मशीन बंद पडलं. मालक नवी मोटर आणायला निघाला होता. नत्थुजींनी पाठवलेल्या रश्मीनं आधी वायर तपासली. मोटर धडधाकट होती, विजेच्या तीन फेजपैकी एक तेवढा गेला होता. मालकानं तिला तिथंच कायम कामाला ठेवलं.

मग एक दिवस कुण्या कार्यालयातून फोन आला. "नोकरी लागली का?"

"लागली."

"केंद्रामुळे लागली, असं लिहितो."

"नाही. मले नत्थुजीनं शिकवलं. केंद्रात मोटरीले हातबी नाही लावू देला."

"मॅडम, एवढं लिहायला जागा नाही."

"जागा नाही तं ऐकून तरी घ्या!" म्हणत तिनं त्याला कपाटापासून चिकटपट्टीपर्यंत सगळं सुनावलं. तो अधूनमधून 'हो हो' म्हणाला.

महिन्याभरानं कोर्सला सोबत असलेल्या अनुपनं केंद्राच्या दारावरची यादी मोबाइलवर पाठवली. 'केंद्रामार्फत नोकरी' या मथळ्याखाली पहिलंच नाव होतं, रश्मी देवमन तायडे. खाली अनुपचंही होतं. तो अजून घरीच बसून होता.