त्याच्या ब्रेकबद्दल मी जे बोललो

मी आणि माझा दोस्त, आम्ही दोघांनी जळगावात एकाच मालकाकडे सहा वर्षं ट्रक चालवला. मग एकाच वर्षी दोघांनी नोकरी सोडून स्वतःच्या गाड्या घेतल्या. मी घेतली ती मिलिटरीने मोडीत काढलेली, थंडीत हँडल मारून खांदा निघायची वेळ यायची. त्याला सासऱ्याने हात दिला, त्याची गाडी कोरी आली. निळी केबिन, दारावर पिवळ्या रंगात काढलेली केळीची पानं. सकाळी तो नुसतं बटण दाबायचा आणि गाडी सुरू. समोर मी हँडल घेऊन वाकलेला असायचो. तो हसायचा नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

घरीही तेच. एकदा बायको सहज म्हणाली, की त्यांची गाडी गल्लीत शिरली तरी दूध पिणारं पोर जागं होत नाही. त्या दिवशी मी जेवताना ताट सरकवून उठलो. तिला कारण कळलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्या हंगामात कापसाच्या गाठी मुंबईला न्यायचं काम एका जिनिंगवाल्या शेठजींकडे होतं. राजस्थानातून आलेलं जुनं घराणं, माणूस मोजकं बोलणारा. सगळे फेरे त्या निळ्या गाडीला जात होते. माझी गाडी आठवडाभर स्टँडवर उभी. एका दुपारी मी शेठजींकडे गेलो, इकडचं तिकडचं बोललो आणि निघता निघता म्हणालो, की दोस्ताची गाडी दिसायला छान आहे, पण घाटात तिचे ब्रेक धरत नाहीत, कसाऱ्याला एकदा थोडक्यात वाचला. सगळं खोटं होतं. त्याचे ब्रेक मी स्वतः तपासलेले होते. शेठजींनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, पुढचा फेरा माझा.

गाठी भरताना ट्रकच्या मागच्या फाळक्यात माझं बोट चेंगरलं. तो तिथेच होता. त्याने मला बाजूला बसवलं, वर चढून दोरखंड स्वतः आवळले, ताडपत्री बांधली. मग माझी स्टेपनी अंगठ्याने दाबून पाहिली आणि न विचारता आपल्या गाडीची काढून माझ्या गाडीवर चढवली. माझ्या तोंडून ‘राहू दे’ एवढंच निघालं. धुळ्याच्या पुढे लळिंगच्या चढावर माझं मागचं टायर बसलं. त्याच्या स्टेपनीवर मी मुंबई गाठली. वाटभर त्याचे उपकार मानावेत की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी, हे काही ठरेना.

परत आल्यावर मी शेठजींकडे गेलो. म्हणालो, त्या दिवशी ब्रेकचं मी चुकीचं सांगितलं, गाडी चांगली आहे.

शेठजी म्हणाले, “ते मला माहीत होतं. मी त्याच गाडीतून दोनदा नाशिकला गेलोय.”

“मग फेरा मला का दिला?”

“त्या दिवशी तुम्ही यायच्या आधी सकाळी तोच येऊन गेला होता. म्हणाला, दोस्ताची गाडी उभी आहे, हा फेरा त्याला द्या.”

शरमेने मान खाली जायला हवी होती. ती गेलीही. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. गाडी माझ्या गाडीपेक्षा चांगली होती ते एक. माणूसही चांगला निघावा?

पंधरा दिवसांनी चाळीसगावला चहाच्या टपरीवर तो भेटला. मी त्याला सगळं सांगून टाकलं, काही न लपवता. त्याने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, “माझ्याबद्दल काय भी सांग, भाऊ. मनी गाडीबद्दल नको सांगू.” पैसे त्यानेच दिले आणि गाडीत जाऊन बसला.

बोलणं तुटलं नाही. रस्त्यात दिसलो की हात करायचा. पण स्टँडवर माझ्या गाडीशेजारी त्याने पुन्हा कधी गाडी लावली नाही. पुढे त्याने धुळ्याला बिऱ्हाड केलं.

तीन-चार वर्षांनी दुसरी गाडी घेतली तेव्हा मात्र पेढे घेऊन तो मुद्दाम जळगावला आला. बायकोने चहा टाकला. मी पेढा तोंडात टाकला आणि त्याच्याबरोबर गाडी बघायला बाहेर आलो. पहिलीपेक्षा मोठी होती. मी बॉनेटवर हात फिरवला, छान आहे म्हणालो आणि ते मनापासून म्हणालो. पोटात दुखायचं ते मात्र दुखलंच.