सुई दिल्यानंतरची लाल चौकट

स्क्रीनवर लाल चौकट उघडली तेव्हा मी डॉ. पारेखांच्या मागेच उभी होते. डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखणं थांबवायचं साधं इंजेक्शन. चौकटीत लिहिलं होतं की या पेशंटला ते चालत नाही, मागच्या खेपेला तिचा चेहरा सुजला होता, श्वास लागला होता. मला आधी आनंदच झाला. ही चौकट मी बसवली होती.

पारेखांनी ती न वाचता एंटर दाबला.

"अहो, थांबवा. ते इंजेक्शन देऊ नका," मी म्हटलं.

"दिलंय ना मॅडम, आत्ताच," ते म्हणाले. "एंट्री नंतर करतो आपण."

इतक्या साध्या आवाजात म्हणाले की दोन क्षण मला काही कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पेशंटच्या खाटेकडे वळले.

थोडं मागचं सांगते. मी शिकलेय फार्मसी, पण आयुष्य गेलं हॉस्पिटलांत सॉफ्टवेअर बसवण्यात. दोन हजारच्या दशकात भाईंदर पूर्वेला, माझ्या इंद्रलोक वस्तीतल्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशा एका खाजगी हॉस्पिटलचं काम मिळालं. डॉक्टरने औषध लिहिलं की कॉम्प्युटरने पेशंटची जुनी माहिती बघायची आणि धोका असेल तर तिथल्या तिथे सांगायचं. याला आमच्यात डिसिजन सपोर्ट म्हणतात. निर्णय डॉक्टरचाच, मशीन फक्त बाही ओढतं. मोठा धोका असेल तर लाल चौकट, किरकोळ असेल तर पिवळी.

बसवण्याआधी मी रीतसर मीटिंगा घेतल्या. काम कसं चालतं, हे प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं: डॉक्टर ऑर्डर देतात, एंट्री होते, मग सिस्टर औषध देतात. मी त्याचा सुंदर नकाशा काढला, एंट्री आणि औषध यांच्या मधोमध माझी चौकट ठेवली आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सिस्टीम सुरू झाल्यावर चौकटी भराभर उघडू लागल्या. मॅनेजमेंट खूश, मीही खूश. त्या सकाळी मी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, उभी होते ती खरं तर कौतुक ऐकायला.

पेशंट होत्या तारोडी गावच्या लुईजाबाई. सुकत घातलेली मासळी उलटवताना घसरून पडल्या होत्या आणि मनगट मोडलं होतं. मी आले तेव्हा पडद्यामागून त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं. आता, पारेखांनी एंटर दाबल्यावर, तिथूनच सुनेची हाक आली. "डॉक्टर, हिचं तोंड बघा ना. कसं होतंय."

आम्ही धावलो. ओठ सुजले होते, मान लाल झाली होती, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी आयुष्यभर 'रिअॅक्शन' हा शब्द टाइप केला होता. समोर कधी बघितला नव्हता. पारेख मात्र क्षणभरही थबकले नाहीत. मांडीत अॅड्रिनलिन, ऑक्सिजन, सलाईन. मेट्रन मयेकर सिस्टर हॉस्पिटल उघडलं तेव्हापासूनच्या. त्यांनी लुईजाबाईंचं डोकं वर उचलून धरलं आणि मला "बाजूला व्हा" म्हणून सुनावलं. मी भिंतीला टेकले.

त्या भिंतीवरच पाटी होती. मराठी, हिंदी, गुजराती, तिन्ही भाषांत: 'आधी उपचार, मग कॉम्प्युटर'. कॅज्युअल्टीत येता-जाता मी ती वाचली होती. आवडलीही होती.

शिट्टी हळूहळू कमी झाली. लुईजाबाई डोळे उघडून सुनेकडे बघत म्हणाल्या, "सांगत व्हते ना, सुई नको. मना चालत न्हाय ती." त्यांनी खरंच सांगितलं होतं. पण सुई नको असं दर दुसरा पेशंट म्हणतो. सुई देणाऱ्या सिस्टरला वाटलं, आजी घाबरल्या.

मी पारेखांना बाहेर गाठलं. डोक्यात तिडीक गेली होती. चौकट कशासाठी आहे, हे तरी माहीत आहे का, असं मी बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"मॅडम, बाई रडत होती. तिला दुखतंय आणि मी टायपिंग करत बसू काय?" ते म्हणाले. "इथे सगळे असंच करतात. वॉर्डमध्ये पण."

वॉर्डमध्ये पण. मी जाऊन बघितलं. खरं होतं. वॉर्डच्या कपाटातून औषध काढायचं, द्यायचं आणि हात मोकळे झाले की एंट्री. एंट्रीला सगळे 'बिलाची एंट्री' म्हणत. बिलासाठी पेशंटला तिष्ठत ठेवायचं नाही, हा इथला बाणा. मयेकर सिस्टर नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवायच्या. मला मीटिंगमध्ये कुणी खोटं सांगितलं नव्हतं. मी विचारलं की कसं चालतं, त्यांनी सांगितलं की कसं चालायला हवं. म्हणजे माझी चौकट इतके महिने, अगदी बिनचूक, घडून गेलेल्या गोष्टींची सूचना देत होती. एंटर का दाबतात, हेही कळलं. देऊन झालेल्या औषधाचा इशारा वाचून करायचं काय? लुईजाबाईंच्या आधी कुणाकुणावर हे बेतलं असेल, हे मला आजही माहीत नाही.

दुपारी हॉस्पिटलच्या मालकांपुढे उभी राहिले. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. तरुणपणी नोकरीत असताना केसपेपर निघेपर्यंत एका पेशंटला ताटकळत मरताना त्यांनी पाहिलं होतं. पाटी त्यातून आलेली.

"म्हणजे आता आधी टायपिंग आणि मग उपचार?" त्यांचा आवाज चढला. "ते माझ्या हॉस्पिटलात होणार नाही."

"सर, पाटी काढू नका," मी म्हटलं. "पण याआधी काय बाधलं होतं, हे विचारणं बिलात येतं की उपचारात?"

ते उठून कॅज्युअल्टीत गेले, लुईजाबाईंच्या खाटेशी बसले आणि त्यांच्या न सुजलेल्या हातावर हात ठेवला. परत आले ते मयेकर सिस्टरांना घेऊनच.

सिस्टर आधी तयार नव्हत्या. पेशंट कळवळतोय आणि आपण प्रश्न विचारायचे, हे त्यांना पटेना. शेवटी मार्ग त्यांच्याच कलाने निघाला. एक कॉम्प्युटर कॅज्युअल्टीच्या दारात आला. पेशंट आत येतानाच नाव आणि गाव घालायचं, जुनी माहिती बघायची. काही न चालणारं असेल तर मनगटाला लाल पट्टी. आणि ज्याच्या हातात सिरिंज आहे त्याने टोचण्याआधी मोठ्याने विचारायचं, कुठली सुई बाधली होती का? वॉर्डमध्ये कपाटाची किल्ली एंट्रीनंतरच मिळू लागली. पिवळ्या चौकटी मी बंदच करून टाकल्या. त्यांनीच लोकांना न वाचता एंटर दाबायची सवय लावली होती.

सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला तर तो म्हणाला, सिस्टीममध्ये काहीच प्रॉब्लेम दिसत नाही, अलर्ट बरोबर आलाय. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

लुईजाबाई प्लास्टर काढायला आल्या तेव्हा मी दारातच होते. सिस्टरांनी त्यांचं नाव घातलं आणि लाल पट्टी बांधली. बाईंनी ती उलटसुलट करून बघितली.

"ते मशीन माझं नाव वळखतं म्हंतात," त्या मला म्हणाल्या. "मग त्या दिशी गप का बसलं?"

गप्प बसलं नव्हतं, उशिरा बोललं, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

आता कुठल्याही हॉस्पिटलचं काम घेतलं की मीटिंग मी शेवटी ठेवते. आधी सकाळभर सिरिंज भरणाऱ्या हाताच्या मागे उभी राहते. यात वेळ फार जातो, अशी माझ्याबद्दल तक्रार असते. असू दे.